दगड, वाळू आणि अडीचशे किलो

पूर्ण भरलेली टाकी धरून बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसचे वजन २४९ किलो भरते. तिचीच ३० लिटर टाकीची ‘अ‍ॅडव्हेंचर’ आवृत्ती २६८ किलोंची. होंडाची आफ्रिका ट्विन त्यामानाने हलकी, पण तीही सव्वादोनशेच्या पुढेच. त्यावर चालवणारा, त्याचे हेल्मेट-जाकीट-बूट, मागच्या पेट्या, तंबू, हत्यारे आणि पाणी चढले की चाकांवर चारशे किलोंचा भार सहज येतो. हा वर्ग ज्या गाडीने जन्माला घातला ती आर ८० जी/एस १९८० साली आली, तेव्हा दोनशे किलोंच्या आत होती, आणि पुढच्याच वर्षी ह्युबेर ऑरिओलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डकार रॅली जिंकली. त्यानंतर शोरूममधल्या गाड्या फुगत गेल्या आणि रॅली उलट्या दिशेने गेली. २०११ पासून डकारमध्ये मोटारसायकलला ४५० सीसीची मर्यादा आहे आणि तिथल्या गाड्या दीडशे किलोंच्या आसपास असतात. जाहिरातीत टेकाडावरून उडी मारणारी गाडी आणि खरी रॅलीची गाडी यांच्यात आज शंभर किलोंचे अंतर आहे. कच्च्या रस्त्यावर मोठ्या गाडीचे जे काही बरेवाईट होते, त्यातले बरेचसे या शंभर किलोंमुळे होते.

हे वजन सगळ्या वेगांना सारखेच जाचत नाही. ताशी २५ ते ५० किलोमीटरच्या दरम्यान मोठी गाडी मुरमाच्या किंवा खडीच्या रस्त्यावर अनपेक्षितपणे शांत चालते. चाकांमधले अंतर जास्त असते, इंजिनला खालच्या आरपीएमला भरपूर ओढ असते, आणि बॉक्सर इंजिनच्या गाडीत तर सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असल्याने वजन खाली राहते. त्रास होतो तो या पट्ट्याच्या दोन टोकांना. चालण्याच्या गतीला गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की पायाने सावरता येत नाही. तिथे ताकदीचा संबंध उरत नाही, ती आडवी होऊ द्यायची आणि पाय काढून घ्यायचा. वेग साठीच्या पुढे गेला की दुसरी अडचण सुरू होते. वेग ४० वरून ६० झाला की खड्ड्याच्या कडेवर आदळताना चाकाला पचवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ती पचवायला सस्पेन्शनचा प्रवास असतो जेमतेम दोनशे मिलिमीटर. जीएसमध्ये तो पुढे १९० आणि मागे २००, आफ्रिका ट्विनमध्ये २३० आणि २२०. रॅलीच्या गाडीत तो तीनशेच्या घरात असतो. सस्पेन्शन तळाला बसले की उरलेला दणका थेट रिमला, स्टीअरिंगच्या बेअरिंगला आणि फ्रेमला बसतो. मोठ्या गाड्या मोडतात त्या बहुतेक वेळा रस्ता वाईट होता म्हणून नव्हे, तर त्या रस्त्याला वेग जास्त होता म्हणून. मोठ्या इंजिनाच्या गाडीवर ताशी ६० हा वेग संथ वाटतो, ही यातली खरी मेख.

चाकांची निवड गाडी घेतानाच झालेली असते, त्यामुळे तिचा अर्थ आधी कळलेला बरा. पुढचे चाक २१ इंची असेल तर ते दगडावर चढताना कमी अडखळते आणि वाळूत रेघ धरून राहते. १९ इंची चाक डांबरी घाटात चपळ असते, दगडांत मात्र जास्त ठेचकाळते. ओतीव अलॉय चाकाला तडा जाऊ शकतो. तारांच्या चाकाची रिम वाकते, आणि वाकलेली रिम बऱ्याचदा ठोकून पुढच्या गावापर्यंत नेता येते. तारांच्या चाकात ट्यूब असेल तर पंक्चर काढायला चाक उतरवावे लागते. ट्यूबलेस असेल तर दोरीवाल्या पंक्चर किटवर दहा मिनिटांत काम होते. एकट्याने लांब जाणाऱ्यासाठी ट्यूबलेस तारांचे चाक हा सगळ्यांत शहाणा पर्याय आहे, महाग असला तरी.

टायरमधली हवा हा त्याहून महत्त्वाचा विषय, आणि फुकटचा. जीएससाठी डांबरावरचा दाब पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेला आहे. त्याच दाबाने गोट्यांच्या रस्त्यावर गेले की टायर प्रत्येक दगडावरून उसळतो, कारण तो दबतच नाही. दोन्ही चाकांत २५ ते २८ पर्यंत हवा उतरवली की टायर दगडाला लपेटतो, पकड वाढते आणि हातांना बसणारा मारही कमी होतो. लांबलचक वाळू असेल तर २० च्या जवळ जाता येते, पण मग वेग कमी ठेवणे भाग पडते, कारण एवढ्या दाबात टोकदार दगड टायर चेपून रिमपर्यंत पोचतो. सामानाने लादलेली गाडी आणि दगडांचा रस्ता असे दोन्ही जुळून आले असेल तर २८ च्या खाली न उतरणेच चांगले. रिमचा भाव टायरच्या कितीतरी पट असतो.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी इथे एक पोटकलम आहे. मुंबईत ३० पीएसआय भरून निघालेला टायर साडेचार हजार मीटरवर, कुंझुम खिंडीजवळ, त्याच तापमानाला ३६ च्या आसपास दाखवेल. आतली हवा तेवढीच असते, बाहेरच्या हवेचा दाब मात्र तिथे निम्म्याच्या थोडाच वर असतो. हवा वीस अंशांनी थंड असेल तर वाढलेल्यातले साधारण निम्मे परत जाते. तरी फरक उरतोच, म्हणून खिंडीच्या अलीकडे मीटर लावून बघावे. त्या उंचीवर इंजिनची ताकदही सुमारे ४० टक्क्यांनी घटते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचे प्रमाण जुळवून घेते, पण हवाच विरळ असते त्याला ते काही करू शकत नाही. समुद्रसपाटीला दुसऱ्या गिअरमध्ये सहज निघणारा चढ तिथे पहिला मागतो.

निघण्याआधीच्या तयारीत सामानाचा निर्णय सगळ्यांत वरचा. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या दिसायला देखण्या, कुलपाच्या आणि डांबरी प्रवासाला उत्तम. कच्च्यात मात्र पाय खाली टेकला आणि गाडी पुढे सरकत राहिली, तर पेटीची कडा पोटरीवर किंवा घोट्यावर येते. घोटा मोडण्याचा हा अगदी ठरलेला मार्ग. कापडी पॅनिअर पडल्यावर दबतात, पायाला मारत नाहीत आणि काही किलो वाचवतात. जड वस्तू पुढे आणि खाली ठेवाव्यात. मागच्या कॅरिअरवर उंच बांधलेली वीस किलोंची बॅग सबफ्रेमला प्रत्येक खड्ड्यात पारईसारखी उचकटत राहते. भार वाढवला तर मागच्या शॉकअपचे प्रीलोड वाढवावे लागते, नाहीतर गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होते आणि स्टीअरिंग भरकटते. उंची कमी पडते म्हणून लिंक बदलून गाडी खाली बसवणारे बरेच असतात. त्यात जमिनीपासूनचे अंतर आणि सस्पेन्शनची भूमिती दोन्ही बिघडतात. पातळ सीट बसवणे त्यापेक्षा बरे.

ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचे क्लॅम्प गच्च आवळू नयेत. हाताने जोर लावला तर फिरतील इतकेच घट्ट ठेवले की गाडी पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी वळते. उभ्याने चालवताना मनगट वाकू नये म्हणून लिव्हर थोड्या खाली झुकवाव्यात. गाडीबरोबर आलेले प्लास्टिकचे हँडगार्ड वाऱ्यापासून वाचवतात, दगडापासून नाही. आत धातूची पट्टी असलेले घ्यावेत. इंजिनखालची पातळ पत्र्याची प्लेट बदलून जाड अ‍ॅल्युमिनियमची बसवावी, आणि रेडिएटरवर जाळी हवी. क्रॅश गार्ड घेताना तो कुठे बोल्ट होतो ते पाहावे. काही गार्ड पडण्याचा मार इंजिनच्या आवरणालाच पोचवतात. बाकी दिवे, नेव्हिगेशनचे खांब आणि डझनभर कंस हे हौसेचे सामान. कच्च्या रस्त्यावर ते सगळे सैल होण्याच्या वस्तू ठरतात.

आता चालवण्याकडे. उभे राहून चालवायचे म्हणजे सगळा वेळ उभे राहायचे असे नाही. गुळगुळीत मातीवर बसून चालले तरी काही बिघडत नाही. खडबडीत भाग आला की मात्र उभे राहिल्यावर शरीराचा भार सीटवरून फूटपेगवर उतरतो, गुडघे दुसऱ्या सस्पेन्शनचे काम करतात आणि गाडी खाली मोकळेपणी हलू शकते. टाकी गुडघ्यांनी हलके धरावी, हँडल बोटांनी. हँडल आवळून धरणाऱ्याच्या हातातून प्रत्येक दगडाचा धक्का स्टीअरिंगमध्ये परत जातो, आणि अर्ध्या तासात त्याचे पुढचे हात भरून येतात. संथ वळणात गाडी आत कलवायची आणि शरीर बाहेर ठेवायचे, बाहेरच्या पेगवर पाय दाबायचा. डांबरावरच्या सवयीच्या हे बरोबर उलट आहे. सराव बंद मैदानात, रिकाम्या गाडीवर करावा, पेट्या लावून घाटात नव्हे.

अगदी संथ गतीत गाडी तीन गोष्टींवर चालते: हाफ क्लच, थोडेसे स्थिर आरपीएम आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब. मागचा ब्रेक किंचित धरून ठेवला की चेन किंवा शाफ्टमधला झोल निघून जातो आणि गाडी झटके देत नाही. पण मोठ्या वजनाखाली क्लच झिजतो, आणि गाडीगणिक त्याची सहनशक्ती वेगळी असते. २०१२ पर्यंतच्या बीएमडब्ल्यू बॉक्सरमध्ये कोरडा क्लच होता. चिखलात दहा मिनिटे झगडले की जळका वास येतो आणि नंतर प्लेट घसरू लागते. २०१३ मध्ये पाण्याने थंड होणारे इंजिन आले, त्याबरोबर तेलातला क्लच आला आणि ही तक्रार बरीच कमी झाली. वास आला तर थांबून वीस मिनिटे गार होऊ देणे एवढाच उपाय. होंडाच्या डीसीटी गाडीला क्लचची लिव्हरच नसते. तिथे संथ वळणे मागच्या ब्रेकवरच काढावी लागतात, आणि ‘जी’ बटण दाबले की क्लचचे घसरणे कमी होऊन थ्रॉटलला चाक लगेच उत्तर देते.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल दोनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवण्यासारख्या. सुट्या खडीवर मागचे चाक लॉक झाले तर त्याच्यापुढे खडीचा ढीग साठतो आणि गाडी लवकर थांबते. एबीएस तो ढीग साठूच देत नाही. म्हणून ऑफरोड मोडमध्ये मागचा एबीएस बंद होतो किंवा करता येतो. पुढचा मात्र चालू राहू द्यावा. पुढचे चाक लॉक झाल्यावर ते वाचवणे भल्याभल्यांना जमत नाही. दुसरे, खोल वाळूत किंवा चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण पहाऱ्यावर असेल तर चाक फिरले रे फिरले की ते ताकद कापते आणि गाडी तिथेच रुतते. बऱ्याच गाड्यांवर इग्निशन बंद-चालू केले की या सेटिंग मूळपदावर येतात. चहाला थांबून पुन्हा निघाल्यावर उतारावर ब्रेक वेगळाच लागतो तो त्यामुळे.

चढ चढताना गिअर खालीच निवडावा आणि मध्ये बदलू नये. गाडी मध्येच बंद पडली तर नवखा माणूस पुढचा ब्रेक दाबतो. चढावर भार मागच्या चाकावर गेलेला असतो, त्यामुळे लॉक झालेले पुढचे चाक घेऊन गाडी मागे घसरत जाते. क्लच सोडून देऊन बंद इंजिनच्या गिअरवरच गाडी धरावी, श्वास घ्यावा, मग क्लच इंचाइंचाने दाबत मागे घेऊन वळवावी. उतारावर पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, कंबर मागे, मागचा ब्रेक सतत आणि पुढचा एका बोटाने. क्लच दाबला की इंजिनचे धरून ठेवणे जाते आणि अडीचशे किलो मोकळे सुटतात.

वाळूत नियम एकच, थ्रॉटल बंद करायचा नाही. तो बंद केला की भार पुढे जातो, पुढचे चाक खुपसते आणि गाडी आडवी होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, भार मागे ठेवून, हँडल थोडे हेलकावू द्यायचे.

महाराष्ट्रात वाळूपेक्षा चिखल जास्त भेटतो. काळ्या रानातली पाणंद पावसाळ्यात मोठ्या गाडीसाठी दगडांपेक्षा वाईट. काळी माती टायरच्या खाचा शंभर पावलांत भरून टाकते, टायर गुळगुळीत होतो, मग ती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये साचत जाते, आणि पुढचे चाक फिरायचेच थांबते. मडगार्ड टायरला चिकटून असलेल्या गाड्यांत हे लवकर होते. चोचीसारखे उंच मडगार्ड शोभेसाठी नाही. चाक अडकले तर काठीने माती काढत बसावे लागते, थ्रॉटल देऊन ते सुटत नाही. कोकणातला जांभा कोरडा असेल तर उत्तम पकड देतो, पण जुलैत त्यावर शेवाळ धरले की उतारावर ब्रेक लावण्याचे नावही काढू नये.

ओढा ओलांडण्याआधी पायी चालून बघावा. हे सगळे सांगतात आणि थकलेला माणूस टाळतो. स्पितीला जाताना लागणाऱ्या ग्राम्फू ते बातल या पट्ट्यात ओढ्यांचे पाणी वरच्या बर्फाचे असते, म्हणून सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गुडघ्याला लागते. तो भाग सकाळी लवकर पार करण्यात निम्मी अक्कल आहे. चाकाच्या आसापर्यंतचे पाणी बहुतेक मोठ्या गाड्या आरामात काढतात. त्याहून वर गेले की प्रवाह गाडी ढकलू लागतो. पाण्याखालचे गोल दगड दिसत नाहीत, म्हणून पाहायचे पलीकडच्या काठाकडे आणि पहिल्या गिअरमध्ये एकसारखे चालायचे. उतरून ढकलायची वेळ आली तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभे राहावे, म्हणजे गाडी पडली तर अंगावर येत नाही. गाडी पाण्यात आडवी झाली आणि हवेच्या फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर दाबू नये. पाणी हवेसारखे दबत नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर टाकावे. बॉक्सरमध्ये प्लग बाजूलाच असतात. बऱ्याच पॅरलल ट्विन गाड्यांत त्यासाठी टाकी उतरवावी लागते; हा धडा ओढ्याच्या काठावर नव्हे, घरी एकदा घेऊन ठेवावा.

गाडी पडणार हे धरूनच चालावे. पडली की आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा, गिअरमध्ये टाकावी, हँडल एका बाजूला पूर्ण वळवावे. मग पाठ सीटला लावून, एक हात हँडलला आणि एक मागच्या कॅरिअरला धरून, पायांच्या जोरावर मागे चालत उठवावी. कमरेतून वाकून ओढणाऱ्याची पाठ जाते. उतारावर चाके वरच्या बाजूला करून पडली असेल तर आधी क्रॅश गार्डवर फिरवून चाके खाली आणावीत. सामान उतरवायचा कंटाळा करू नये. अनेक गाड्यांत कलल्याचा सेन्सर इंजिन बंद करतो, म्हणून उठवल्यावर चावी बंद करून पुन्हा चालू करावी लागते. दिवसात तिसऱ्यांदा पडली तर कारण रस्ता नसून थकवा असतो, आणि तिथेच मुक्काम शोधावा.

रोज संध्याकाळी दहा मिनिटे गाडीभोवती फिरण्यात जातात ती वाया जात नाहीत. तारांवर पान्याने हलके वाजवत जावे. सगळ्या एकसारख्या वाजल्या पाहिजेत, बद्द आवाज करणारी तार सैल झालेली असते. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची रेघ दिसली तर सील फुटलेच असे नाही, पुष्कळदा चिखलाचा कण अडकलेला असतो आणि पातळ प्लास्टिकची पट्टी आत फिरवून तो काढता येतो. सामानाच्या रॅकचे आणि सबफ्रेमचे बोल्ट निघण्यापूर्वी थ्रेड लॉकर लावून बसवावेत आणि त्यांवर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे फिरलेला बोल्ट नजरेत भरतो. चेन सामान लादलेले असताना, गाडीवर माणूस बसवून तपासावी. रिकाम्या गाडीवर नीट वाटणारी चेन सस्पेन्शन दबल्यावर ताठ होते आणि इंजिनच्या पुढच्या स्प्रॉकेटचे बेअरिंग खाते. धुळीच्या ताफ्यात मागे चालणाऱ्याचा एअर फिल्टर पुढच्यापेक्षा कितीतरी आधी भरतो.

फ्रेम मोडणे दुर्मीळ, पण घडते. २००४ साली अभिनेते युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बोरमन यांनी लंडन ते न्यूयॉर्क प्रवास बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस अ‍ॅडव्हेंचरवर केला. त्यांच्याबरोबर चित्रीकरण करणाऱ्या साथीदाराच्या गाडीची फ्रेम मंगोलियात मोडली आणि त्याने पुढचा टप्पा रशियन बनावटीच्या साध्या इझ मोटारसायकलवर काढला. गाड्या तेव्हाही उत्तम होत्या, लादलेल्या मात्र बेसुमार. पोलादी सबफ्रेम गावातला वेल्डिंगवाला जोडू शकतो, अ‍ॅल्युमिनियमची त्याच्याकडच्या साध्या मशीनवर जुळत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात, ईसीयू आणि एबीएसचे प्लग काढावेत आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगावा, नाहीतर फ्रेम सांधली जाते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतात.

प्रवासाचा निम्म्याहून जास्त भाग कच्च्यावर काढायचा असेल तर १९६ किलोंची हिमालयन ४५० किंवा तिच्या आसपासची गाडी हजार सीसीच्या गाडीपेक्षा सरस ठरते, इभ्रतीचा प्रश्न बाजूला ठेवला तर. मोठी गाडी शोभते ती आठशे किलोमीटर डांबर आणि शेवटी शंभर किलोमीटर वाईट रस्ता अशा प्रवासाला. ते शंभर किलोमीटर संपून डांबर लागले की आधी टायरमध्ये हवा पुन्हा भरावी. कमी हवेत ताशी शंभरने चालवलेला टायर आतून तापतो आणि त्याची बाजू फाटते. घरी आल्यावर प्रेशर वॉशरचा झोत चाकांच्या बेअरिंगवर, फोर्कच्या सीलवर आणि चेनवर थेट मारू नये. ओढे ओलांडलेल्या गाडीची चाके उचलून बेअरिंगमध्ये झोल आहे का ते हाताने हलवून पाहावे आणि ब्रेकचे पॅड काढून मागची माती साफ करावी. शाफ्टच्या गाडीत मागच्या गिअरबॉक्सचे तेल थोडे काढून बघावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेलेले असते आणि ते लगेच बदलावे लागते.